पद्मिनीचा फॉल्ट शोधताना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ताफ्यातली शेवटची प्रीमियर पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरात, टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनू लागलेली ही गाडी. तिचं १०८९ सीसीचं इंजिन उघडणारे मेकॅनिक शोधले तर सापडतात. जुन्या वळणाचा वायरमन सापडणं कठीण झालंय. इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधणं ही वेगळी विद्या आहे आणि ती हातची जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

या गाडीत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे काय बिघडलंय ते सांगणारा कोडही नाही. बारा व्होल्टची बॅटरी, आधी डायनॅमो आणि पुढच्या काळात अल्टरनेटर, कॉइल, सेल्फ, दिवे, हॉर्न, वायपर एवढाच संसार. प्लसची वायर प्रत्येक ठिकाणी पोचते, पण परतीला सहसा स्वतंत्र वायर नसते. करंट बॉडीच्या पत्र्यातूनच बॅटरीच्या मायनसकडे परततो. हा झाला अर्थ. जुन्या गाडीची बरीचशी दुखणी इथेच असतात. इतके पावसाळे काढलेल्या पत्र्यावर, रंगाखाली, थिंबलच्या स्क्रूभोवती गंज चढतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच.

मागचा दिवा पाहा. इंडिकेटर दिला की टेललाइटही त्याच तालात उघडझाप करू लागते, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. जाणता वायरमन हे बघून नवा फ्लॅशर आणायला पाठवत नाही. तो दिव्याची काच उतरवतो, होल्डरचा अर्थाचा स्क्रू काढतो, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासतो आणि स्क्रू घट्ट आवळतो. दिवे सरळ लागतात. अर्थ मिळाला नाही की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून, शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, हे त्याला ठाऊक असतं.

याचंच मोठं रूप सेल्फला दिसतं. सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर करंट लागू शकतो. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थपट्टी तुटली असेल तर तो करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊ पाहतो. सेल्फ कण्हतो, केबल हाताला चटका देते. तोवर मालकाने नवी बॅटरी घेतलेली असते.

वायरमनचं जुनं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प: एक होल्डर, एकवीस वॅटचा बल्ब, दोन वायरी, एकीला क्लिप आणि दुसरीला टोकदार सळई. मल्टिमीटर आल्यावर लोकांनी तो अडगळीत टाकला, हे चुकलं. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर खुशाल बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि वायर कमजोर असली की मंद लागतो. (कॉम्प्युटरवाल्या नव्या गाडीत हा लॅम्प लावायचा नाही, तिथे नाजूक सर्किट जळू शकतं.)

मीटरही कामाचाच, फक्त लोडवर लावायला हवा. हेडलाइट चालू ठेवायची, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या अर्थाला. आकडा शून्याच्या आसपास हवा. दोन व्होल्ट दिसले, तर तेवढे परतीच्या वाटेतच खर्च होताहेत. बाराऐवजी दहा व्होल्ट मिळालेल्या बल्बचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब लावणं म्हणजे वायर आणखी तापवणं.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून मायनसची केबल काढायची आणि मध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडायचा. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, मीटर जाईल. अर्धा अँपिअर गळती म्हणजे दिवसाला बारा अँपिअर-तास. बत्तीसची बॅटरी तीन दिवसही टिकणार नाही. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर दोष. एकही फ्यूज काढून आकडा हलला नाही, तर फ्यूजविना जाणाऱ्या वायरी आणि अल्टरनेटर तपासायचा.

सर्वांत घातक सवय म्हणजे उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं. शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायर जळते.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर दोन गोष्टी करा. वायरिंग नवी करताना वायरींचे मूळ रंग राखायला सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला लाइन शोधता येईल. आणि कुठलाही पार्ट बदलण्याआधी फॉल्ट लॅम्पवर किंवा मीटरवर दाखवायला सांगा. जो वायरमन तो दाखवतो, त्याला त्याच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्या.