चुलीभोवती लोखंडी जाळीचा आडोसा

पुणे-सातारा महामार्गावर कापूरव्होळ व शिरवळ यांच्या दरम्यान भोर तालुक्यातील किकवी हे गाव आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतील अनेक घरांत गॅसची शेगडी आली. तरीही आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी पडवीत किंवा अंगणात चूल पेटविण्याची रीत मोडलेली नाही. पहाटे चूल पेटवून घरातील माणूस गोठ्याकडे जातो आणि नुकते चालू लागलेले मूल विस्तवाकडे व उकळत्या हंड्याकडे ओढले जाते. ओल्या लाकडांच्या ठिणग्या पेंढ्यापर्यंत उडतात, ते निराळेच. घरातील एखाद्या तरुणाने वेल्डिंग नुकतेच शिकावयास घेतले असेल, तर या धोक्यावरील उपाय त्याला घरीच तयार करता येतो.

आडोशाची रचना

तीन चौकटी बिजागऱ्यांनी एकमेकींस जोडून घडीचा आडोसा करावा. चूल दगडी किंवा विटांच्या भिंतीलगत असावी. कुडाजवळ किंवा पेंढ्याच्या छपराखाली ती ठेवूच नये. चुलीची रुंदी व खोली प्रत्येकी ४५ सेंटिमीटर धरल्यास पुढील चौकट १३५ व बाजूच्या दोन चौकटी प्रत्येकी ९० सेंटिमीटर रुंद कराव्यात. उंची सर्वांची ७५ ठेवावी. अशाने चुलीच्या तिन्ही अंगांस ४५ सेंटिमीटर मोकळी जागा राहते. हे अंतर कमी करू नये. जाळी मुलाला व बऱ्याचशा ठिणग्यांना अडविते, उष्णतेला अडवीत नाही. विस्तवाला टेकलेला आडोसा स्वतःच चटका देतो.

साहित्य

२५ × २५ × ३ मिलिमीटरचा लोखंडी अँगल १०.८ मीटर लागतो व त्याचे वजन सुमारे १२ किलो भरते. सहा मीटरच्या दोन कांबी पुरतात: पहिलीतून १३५ चे दोन व ७५ चे चार तुकडे, दुसरीतून ९० चे चार व ७५ चे दोन तुकडे काढावेत. याशिवाय अर्ध्या इंचाहून लहान छिद्रांची जाळी, चार बिजागऱ्या, पातळ पट्टी, नट-बोल्ट, कड्या व कोयंडे घ्यावेत. जाळीची छिद्रे मोठी असल्यास मूल त्यांत पाय रोवून वर चढते.

जोडण्याची रीत

१. प्रथम त्याच अँगलच्या टाकाऊ तुकड्यांवर सराव करावा. अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग कांडीस ६० ते ९० अँपिअर प्रवाह पुरतो. भोक पडू लागल्यास प्रवाह कमी करावा.

२. पट्टीच्या बोल्टांसाठी भोके आधीच पाडावीत. तुकडे सपाट जागेवर मांडून कोपऱ्यांना केवळ लहान टाके द्यावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. मोठ्या चौकटीचा कर्ण १५४.४, लहानीचा ११७.२ सेंटिमीटर यावा. दोन्ही कर्ण समान नसतील तर टाका तोडून चौकट सरळ करावी. पूर्ण जोडल्यावर ती दुरुस्त होत नाही.

३. पूर्ण जोड देताना समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घ्यावेत. एकाच बाजूस सलग उष्णता दिल्याने चौकट पिळते. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते.

४. जाळी वेल्डिंगने लावू नये. बारीक तार जळून तुटते आणि जस्ताचा मुलामा असल्यास त्याच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. जाळी पट्टीखाली दाबून बोल्टांनी आवळावी.

स्वतःची काळजी

वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये. दहा क्रमांकाची काळी काच असलेला मुखवटा, चामडी हातमोजे, सुती कपडे व बंद पादत्राणे वापरावीत. जोडावरील कवच ठोकून काढताना साधा चष्मा लावावा. यंत्राची जोडणी जाणकार तारतंत्रीकडून अर्थिंगसह करून घ्यावी; तारेवर आकडा टाकू नये. काम पेंढ्यापासून दूर, कोरड्या जागी करावे, जवळ वाळू व पाण्याच्या बादल्या ठेवाव्यात आणि काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नये.

बसविणे व तपासणी

आडोशाची दोन्ही टोके भिंतीत सिमेंटने पक्क्या बसविलेल्या कोयंड्यांत कडीने अडकवावीत. नुसता उभा केलेला आडोसा मुलाच्या अंगावर कोसळतो. सरपण सारताना एक टोक सोडावे आणि उठताना ते पुन्हा लावावे. चूल अर्धा तास पेटवून चौकटीजवळ हाताची मागची बाजू न्यावी. चटका जाणवल्यास आडोसा मागे घ्यावा.

तरीही कोणास भाजलेच, तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये. जखम मोठी असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा एक आडोसा लहान मूल असलेल्या घरी बसवून त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. मात्र आडोसा लावला म्हणून पेटत्या चुलीजवळ मुलास एकटे सोडू नये, हेही त्याच वेळी सांगावे.