धरणी हादरली तर घरातले पाणी अन् गॅस कसे सांभाळाल?



ऊस विकास विभागाने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे, हा रिवाज. या अंकात आम्ही घरातल्या नळाविषयी व गॅसविषयी लिहीत आहोत. ऊस उभा राहिला आणि घर गेले, तर त्या उसाचे करायचे काय?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. तो धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. दोन्ही वेळा माणसे झोपेत होती. भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ च्या नकाशात कोयना चौथ्या, तर पुणे तिसऱ्या म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. भिण्याचे कारण नाही, पण गाफील राहूनही चालणार नाही.

कोयनेच्या वेळी आपल्या खेडोपाडी चूल होती आणि पाणी विहिरीचे नाहीतर नदीचे. आज पौडपासून आतल्या वाड्यांपर्यंत ओट्याखाली सिलिंडर आणि छपरावर टाकी आहे. सोय झाली, तसा धोकाही घरात आला. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपाने पाण्याचे नळ फुटले आणि आग विझवायला पाणी उरले नाही. १९२३ साली तोक्योत ऐन स्वयंपाकाच्या वेळी धक्का बसला आणि शहर जळाले.

पाणी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. एक टन ऊस किती होतो, हे आपणास सांगायला नको! एवढे ओझे पत्र्यावर किंवा सज्जाच्या कडेला नको. टाकी खांबांच्या अगर भक्कम भिंतीच्या वर, सपाट बैठकीवर ठेवावी व बांधून घ्यावी. टाकीच्या तोंडाशीच कॉक बसवावा. खाली पाइप फुटला, तर कॉक बंद करताच टाकीतले पाणी पिण्यापुरते वाचते. लोखंडी पाइप आट्यांच्या जोडाशी तुटतो, म्हणून तो भिंतीतून जातो तिथे सिमेंटने घट्ट न आवळता बोटभर जागा सोडावी. शिवाय माणशी रोज ४ लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी झाकून ठेवावे.

गॅस. सिलिंडर उभा ठेवावा व भिंतीतल्या कडीला पट्ट्याने असा बांधावा, की चटकन सुटेल. त्याच्यावरच्या फळीवर पितळी हंडे रचू नयेत. नळी आयएसआय छापाचीच घ्यावी; ती थोडी सैल असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करावा. दोन्ही भूकंप पहाटेचे होते, हे ध्यानात घ्या. या सवयीला दमडीचाही खर्च नाही. गोबरगॅस असेल, तर संयंत्रापाशी एक व चुलीपाशी एक असे दोन कॉक हवेत.

धक्का थांबल्यावर. आधी विस्तव व रेग्युलेटर बंद करावा. वास येत असेल, तर काडी ओढू नये आणि विजेचे बटण चालू किंवा बंद, काहीच करू नये. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडावे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. गोबरगॅस हलका, तो छताकडे जातो. बाहेर आल्यावर मग १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

आणखी एक. कोयनेचा धक्का डिसेंबरात, ऐन गळिताच्या दिवसांत बसला होता. त्या दिवसांत आपल्या बांधावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या असतात. कोपी पडून माणूस सहसा मरत नाही, पण आत चूल पेटलेली असली तर पाचट भडकायला वेळ लागत नाही. चूल कोपीबाहेर ठेवायला आणि शेजारी पाण्याचा पिंप भरून ठेवायला त्यांना सांगा. ती माणसे आपल्याच उसासाठी आलेली असतात.

ठिबकचा कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. गॅसचा अन् टाकीचा कॉकही त्याला, त्याच्या आईला आणि आजीला आज संध्याकाळीच हाताने फिरवायला लावा. धक्का बसेल तेव्हा आपण शेतावर असाल. घरी तीच माणसे असतील.