माझी हनुवटी आणि गतीचे नियम

माझ्या हनुवटीवर तीन टाक्यांचा व्रण आहे. तो सर्वांनी पाहिला आहे. "माकड कुठल्या झाडावरून पडलं?" असेही वर्गात विचारून झाले आहे. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात मी त्याचेच कारण लिहायचे ठरवले.

त्या दिवशी आम्ही रानातून घरी येत होतो. बैलगाडी रिकामी होती. घर जवळ आले की आमचे बैल आपोआप पळू लागतात. मी गाडीच्या कडेला तोंड पुढे करून उभा होतो. मैदानात मुले खेळत होती. ती दिसली आणि मी खाली उडी मारली. आबा ओरडले, "आरं, थांबू दे की गाडी!" पण तोवर मी हवेत होतो. पाय जमिनीला लागले आणि गाडी ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेला मी तोंडावर आपटलो. मला कोणी ढकलले नव्हते. ठेचही लागली नव्हती. मग पडलो कसा?

माझी ताई नववीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम आहेत. ती म्हणाली, "तू गाडीत उभा होतास, पण खरं तर गाडीएवढ्याच वेगानं पळत होतास. जमिनीनं तुझे पाय थांबवले. डोकं कुणी थांबवलं?" मला हे एकदम पटले. डोके पळतच राहिले आणि पाय मागे राहिले.

हे नियम आयझॅक न्यूटन यांनी आपल्या पुस्तकात मांडले. ते पुस्तक १६८७ साली इंग्लंडमध्ये छापले. न्यूटन शेतकऱ्याचे पोर होते आणि लहानपणी आजीकडे वाढले, हे वाचून मला बरे वाटले. त्यांचा पहिला नियम असा : थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते, बाहेरून कोणी बल लावेपर्यंत. या हट्टी स्वभावाला जडत्व म्हणतात.

एस. टी. सुरू झाली की आपण मागे कलतो आणि ब्रेक लागला की पुढच्या बाकावर आदळतो, ते यामुळेच. आजी गोधडी झटकते तेव्हा गोधडी हलते, पण धूळ जागीच राहू पाहते, म्हणून ती सुटी होते. बोरीची फांदी हलवली की बोरे का पडतात, ते आता तुम्हीच सांगा.

मी ताईला विचारले, "मग गोटी थोडी पळून आपोआप का थांबते?" आपोआप नाही. माती तिला घासून थांबवते. त्याला घर्षण म्हणतात. आकाशात माती नाही आणि हवाही नाही. म्हणून १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान पुढे ढकलणारे इंजिन न चालवता अजून दूर दूर जातच आहे.

आता उसाच्या ट्रॉलीकडे येतो. तिच्यासाठीच हा लेख मोठा केला आहे.

कारखाना सुरू झाला की आपल्या शाळेपुढून दिवसभर ट्रॉल्या जातात आणि मुले मागे धावून ऊस ओढतात. मीही ओढला आहे, खोटे कशाला बोलू? माझे काका ट्रॅक्टर चालवतात. ते म्हणतात, "पोरगं आडवं आलं की पोटात गोळा येतो. मी ब्रेक मारीन, पण मागच्या उसाला कोण थांबवणार?" पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबू लागला की भरलेल्या ट्रॉल्या त्याला मागून रेटतात.

हा रेटा किती असतो, ते मोजता येते. वजन किलोत घ्यायचे, वेग सेकंदाला किती मीटर तो घ्यायचा आणि गुणाकार करायचा. पुस्तकात वजनाऐवजी वस्तुमान म्हणतात आणि या गुणाकाराला संवेग म्हणतात. माझे वजन २५ किलो. मी जोरात पळालो तर सेकंदाला ४ मीटर जातो. २५ गुणिले ४ म्हणजे १००. आता ट्रॅक्टर आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून २० टन धरू, म्हणजे २०,००० किलो. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गुणाकार आला १,००,०००. मी तो तीनदा करून पाहिला. म्हणजे माझ्यासारखी १००० मुले एकदम समोरून धावून आली तर हिशेब बरोबरीत सुटेल. आपल्या शाळेत आपण सगळे मिळून ६२ आहोत.

दुसरा नियम या संवेगाचाच आहे. संवेग पटकन बदलायचा तर बल जास्त लागते, सावकाश बदलायचा तर कमी लागते. लांब उडीच्या खड्ड्यात गुरुजी वाळू टाकून घेतात ती याचसाठी. वाळूत पाय रुतत रुतत थांबतात म्हणून मार बसत नाही. चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो तेही तसेच.

तिसरा नियम ऐकायला सोपा आहे. आपण जेवढ्या बलाने ढकलतो, तेवढ्याच बलाने समोरची वस्तू आपल्याला उलट ढकलते. विहिरीत पोहताना पायाने भिंत मागे रेटली की आपण पुढे जातो. पण यात मला एक शंका आली आणि तिच्यावरून माझे नि ताईचे दोन दिवस भांडण झाले. बैल गाडीला पुढे ओढतो. गाडी बैलाला तेवढ्याच बलाने मागे ओढते. मग गाडी हलते कशी? ती तर जागीच राहायला पाहिजे!

उत्तर शेवटी आबांच्या बोलण्यातून मिळाले. ते पहिली फेल आहेत, असे तेच सांगतात. ते म्हणाले, "बैल गाडी वढत न्हाई बाबा, बैल भुई रेटतो." ताई उडालीच. तेच खरे आहे. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, म्हणून जमीन बैलाला पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा गाडीच्या मागे ओढण्यापेक्षा जास्त झाला की बैल पुढे सरकतो आणि त्याच्यामागून गाडी. चिखलात जमीन रेटा देत नाही. तिथे बैल तोच, गाडी तीच, तरी चाक जागचे हलत नाही.

भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर बांबूची पन्हळ ठेवली आहे. तिच्यात पाच गोट्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि सहावी गोटी जोरात त्यांच्यावर सोडा. मधल्या जवळजवळ जागीच राहतात आणि पलीकडची एकच सुटून पळते. दोन सोडल्या तर दोन सुटतात. संवेग हातोहात पुढे जातो, वाटेत हरवत नाही. पालकांनीही करून पाहावे. एकूण सात गोट्या आहेत, त्या माझ्या आहेत. खेळून झाल्यावर मोजून डब्यात ठेवाव्यात.

— इयत्ता चौथी