शेतवस्तीसाठी इन्व्हर्टरची निवड

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा राखण्याकरिता अनेक कुटुंबे शेतवस्तीवर राहतात. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही, तेथे सोलर पॅनेल व बॅटरी यांवर दिवे, मोबाईल व एखादा पंखा चालविता येतो. मात्र मोठा तो चांगला असे समजून इन्व्हर्टर घेतल्यास पैसा व वीज दोन्ही वाया जातात.

बॅटरीतील १२ व्होल्टची वीज घरगुती उपकरणांस लागणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेत बदलणे, एवढेच इन्व्हर्टरचे कार्य होय. तो वीज निर्माण करीत नाही; उलट थोडी स्वतःच खातो. म्हणून त्याची गरज आहे काय, हे प्रथम पाहावे. १२ व्होल्टचे एलईडी दिवे व मोटारगाडीत वापरतात तसला मोबाईल चार्जर बॅटरीवर थेट चालतात.

इतर उपकरणे असल्यास त्यांवर छापलेले वॅट कागदावर मांडावेत. पंखा ५०, दोन दिवे १८, दोन मोबाईल ३० व राऊटर १२, असे ११० वॅट झाले. यास २५० वॅटचा, शुद्ध साइन तरंग देणारा इन्व्हर्टर पुरे. चौकोनी तरंगाचा स्वस्त मिळतो, पण त्यावर पंखा घुमतो व तापतो. दुकानदार व्हीए सांगतात. आपण वॅट विचारावेत. पाण्याची मोटार सुरू होताना कित्येक पट वीज ओढते, तेव्हा ती यावर जोडूच नये.

आता बॅटरी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरविल्यास तिचे आयुष्य घटते. उरलेल्या ६०० मधून इन्व्हर्टरची घट वजा जाता सुमारे ५०० हाती येतात. म्हणजे वरील भार साडेचार तास चालेल. रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टर १० वॅट खात असेल, तर दिवसभरात २४० वॅट-तास फुकट गेले. काम संपताच तो बंद करावा.

बॅटरीपासूनची तार आखूड व जाड असावी आणि बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज बसवावा. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा जवळ बिडी ओढू नये.

रानडुकरे व रोही यांपासून पीक वाचविण्यासाठी इन्व्हर्टरची तार कुंपणास जोडण्याचा मोह काहींना होतो. झटका यंत्र क्षणभराचा मर्यादित धक्का देते. इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट माणसाचा व बैलाचा जीव घेतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वस्तीस भेट देताना कुंपणाची तार कोठून येते, हे आधी पाहावे.