दार उघडेना? आधी निरोप वाचा!

बालमित्रांनो, पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तो आमचा आळेफाटा. इथून पुण्याकडे निघालं की नारायणगाव लागतं आणि तिथून पूर्वेला वळलं की खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी! ४५ मीटर व्यासाच्या तब्बल ३० तबकड्या. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर. पण तबकडी वळवायला कुणी शेताच्या बांधावरून पळत जात नाही बरं का! नियंत्रण कक्षातल्या संगणकावरून हुकूम सुटतो आणि तबकडी वळते.

दुरूनच संगणकाला काम सांगायची ही युक्ती आमच्या शाळेतही आहे. आमच्या संगणकांवर लिनक्स चालतं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. मुलांचं लेखन ऑफिसातल्या मोठ्या संगणकात राहतं. वर्गातून तिथे जायचं दार म्हणजे ‘एसएसएच’. तेही फिनलंडचंच! तिथल्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले, म्हणून १९९५ साली टाटू युलोनेन यांनी ते तयार केलं. यात पासवर्ड सांकेतिक रूपात जातो. वाटेत कुणी ऐकलं तरी त्याला काही कळत नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. खोडदच्या प्रदर्शनासाठी पाचवीतल्या एका मुलीने माहिती लिहून ठेवली होती. आदल्या दिवशी पाहते तो काय, दार उघडेना! मी चिडले, “पासवर्ड विसरलीस ना? तरी सांगत होते!”

ती रडवेली झाली, पण म्हणाली, “बाई, पासवर्ड चुकला असं तो म्हणतच नाहीये.”

मी पडद्यावर पाहिलं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी गेलीच नव्हती! ऑफिसात जाऊन पाहिलं, तर झाडताना केबल निसटलेली. केबल बसवली. आता निरोप आला, ‘परमिशन डिनाइड’. दारापर्यंत पोचलो, पण ओळख पटली नाही. या वेळी चूक होती कॅप्स लॉकची! लिनक्सला मोठं ‘ए’ आणि छोटं ‘ए’ वेगळी वाटतात. शिवाय तिथे पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कळफलक बिघडला असं समजू नका, तो गुपित राखतोय!

आणखी दोन निरोप लक्षात ठेवा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे घर सापडलं, पण दारावर पहारेकरी नाही. बहुधा त्या संगणकावरची एसएसएचची सेवा बंद आहे. आणि ‘पलीकडच्या संगणकाची ओळख बदलली आहे’ असा इशारा आला, तर डोळे मिटून ‘हो’ म्हणू नका. कदाचित संगणक नव्याने तयार केला असेल, कदाचित कुणी तोतया बसला असेल. आधी मोठ्यांना विचारा. उगाच दहा वेळा पासवर्डही मारत बसू नका. काही ठिकाणी खातंच कुलूपबंद होतं.

लेखन सापडलं आणि दुसऱ्या दिवशी ते खोडदला लागलं. पण त्याआधी मी भर वर्गात तिची माफी मागितली. निरोप तिने वाचला होता, मी नव्हता.

पालकहो, घरात यंत्र अडलं की आपण आधी कुणावर ओरडतो? पुढच्या वेळी मुलालाच विचारून पाहा, “पडद्यावर काय लिहिलंय रे?”