कवेलू उतरले आणि घर तापू लागले

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात करडी हे गाव आहे. हा सगळा धानाचा मुलूख. वर्षाकाठी साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात मात्र पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. म्हणजे इथल्या घराच्या छपराला दर वर्षी दोन परीक्षा द्याव्या लागतात : आधी उन्हाची, मग पावसाची.

या भागातली जुनी घरे कवेलूंची. आता ते उतरवून टिनाचे पत्रे किंवा सिमेंटचा स्लॅब घातला जातो. याची कारणे खरी आहेत. दर पावसाळ्याआधी कवेलू उतरवून पुन्हा रचावे लागतात, फुटलेले बदलावे लागतात. हे काम जाणणारी माणसे कमी झाली. वानरांची एक टोळी छपरावरून उड्या मारत गेली, की महिन्याभराची मेहनत वाया. नवे छप्पर या कटकटीतून सोडवते. पण पहिल्याच उन्हाळ्यात घरातली माणसे म्हणू लागतात, ‘गळत नाही हे खरे, पण दुपारी घरात बसवत नाही.’

असे का होते? कवेलूचे छप्पर एक नव्हे, तीन कामे करत होते : पाणी अडवणे, ऊन अडवणे आणि घरातली गरम हवा बाहेर सोडणे. आपण ते बदलताना पहिल्याच कामाचा विचार करतो. ही तिन्ही कामे एकेक करून पाहू.

पाणी

कवेलू म्हणजे भाजलेल्या मातीचे अर्धगोल नळे. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. ना खिळा, ना सिमेंट. पाणी अडते ते केवळ उतारामुळे. भाजलेली माती पाणी शोषते, तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे पाणी सावकाश वाहते. शिवाय दोन कवेलूंमधल्या बारीक फटीत केशाकर्षणाने पाणी उलटे वर चढू शकते. म्हणून अशा छपराला २५ ते ३० अंशांचा उतार देतात. पत्रा गुळगुळीत आणि सलग असल्याने त्याला दहा अंशांचा उतारही पुरतो. या कामात नवे छप्पर सरस ठरते, यात वाद नाही.

ऊन

ग्रामीण घरकुल योजनेत घराचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर धरले आहे. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे ९०० वॉट इतकी सौर ऊर्जा पडते. म्हणजे या छोट्या घराच्या डोक्यावर २२,५०० वॉट! हजार वॉटच्या बावीस इस्त्र्या छपरावर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे हे झाले.

पत्रा चकचकीत असतो, मग तो ऊन परतवत का नाही? नवा असताना बरेचसे परतवतो. पण चकचकीत धातूचा दुसरा गुण असा, की जी उष्णता त्याने शोषली ती तो प्रारणाने सहज बाहेर टाकत नाही. त्यात पत्रा गंजला, धुळीने काळवंडला की ऊन परतवणेही कमी होते. असा पत्रा दुपारी ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. मग तो खालच्या माणसांकडे प्रारण पाठवू लागतो. स्टीफन-बोल्ट्झमन नियमाने हिशेब केला, तर ६५ अंशांचा काळवंडलेला पृष्ठभाग ३५ अंशांच्या पृष्ठभागापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे २०० वॉट जास्त प्रारण देतो. म्हणून पत्र्याखाली पंखा लावूनही डोके तापते. पंखा हवा हलवतो, प्रारण अडवत नाही.

स्लॅबची गोष्ट वेगळी आहे. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर भाग सुमारे २९० किलो वजनाचा असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचा चार किलोसुद्धा नसतो. तापमान एक अंशाने वाढवायला स्लॅबला पत्र्याच्या सुमारे १४० पट उष्णता लागते. त्यामुळे स्लॅब उशिरा तापतो आणि उशिराच निवतो. दुपारची उष्णता खालच्या बाजूला पोचायला तीनएक तास लागतात. पत्रा दुपारी छळतो आणि सूर्य मावळताच निवतो. स्लॅब रात्री झोपू देत नाही.

कवेलूच्या छपरात वरची ओळ तापते, खालची पुष्कळशी तिच्या सावलीत राहते आणि मध्ये हवेचे थर असतात. त्याखाली मातीने लिंपलेला माळा असेल तर आणखी एक आडोसा मिळतो.

हवा

गरम हवा हलकी होऊन वर जाते. कवेलूंच्या असंख्य फटींतून ती निघून जाते आणि दारातून थंड हवा आत येते. चुलीचा धूरही त्याच वाटेने जातो. पत्रे आणि स्लॅब ही वाट बंद करतात.

आता अगदी उलट हवामानाचे उदाहरण घेऊ. कॅनडातल्या थंड शहरांत छपरावर बर्फ साचतो. घरातली ऊब माळ्यापर्यंत पोचली, तर बर्फाचा खालचा थर वितळतो. ते पाणी वळचणीपर्यंत घरंगळते आणि तिथे थंडीने पुन्हा गोठते. गोठलेल्या बांधामागे पाणी साचून ते घरात गळते. म्हणून तिथे छत आणि छप्पर यांच्यामध्ये हवा खेळती ठेवतात, आणि छतावर उष्णतारोधक थर घालतात. तिथे ऊब आत ठेवायची, इथे ऊन बाहेर ठेवायचे. उपाय मात्र एकच.

मग काय करावे?

कवेलूच ठेवा, असा आमचा आग्रह नाही. पण छपराचा खर्च धरताना राहिलेल्या दोन कामांचाही खर्च धरावा. पत्रे घालायचे असतील तर त्यांखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे, ते मातीने लिंपावे. आढ्याजवळ आणि वळचणीला हवेसाठी जागा ठेवावी, तिथे जाळी लावावी. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता बाहेरही टाकतो. पत्र्यावर चुना मात्र नको. ओला चुना जस्ताचा थर खातो. स्लॅबवर दर मार्चमध्ये चुना फासला तरी पुष्कळ फरक पडतो. पावसात तो धुऊन जाईल, पण तोवर उन्हाळा संपलेला असेल.

घरात दुपारभर कोण असते? बाळंतीण, तान्हे मूल, म्हातारी माणसे. हा खर्च त्यांच्यासाठी आहे.

वर्गासाठी प्रयोग

एकाच मापाची चार खोकी घ्या. त्यांवर अनुक्रमे कवेलूंचे दोन थर, साधा पत्रा, पांढरा रंग दिलेला पत्रा आणि खाली पुठ्ठ्याचे छत असलेला पत्रा ठेवा. प्रत्येकात तापमापी ठेवून सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दर अर्ध्या तासाला नोंदी करा आणि आलेख काढा. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे मात्र वापरू नका. ते तोडताना उडणारे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा. गावात पुष्कळ ठिकाणी पत्र्यांवर दगड ठेवलेले दिसतात. कवेलूंवर कोणी का ठेवत नाही? एक चौरस मीटर पत्र्याचे आणि तेवढ्याच जागेतल्या कवेलूंचे वजन मुलांना करू द्या. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.