छाट कुणाच्या वाट्याला?

आपल्या भंडारा जिल्ह्यात ज्यांच्या घरी बिड्या वळल्या गेल्या, त्यांना ‘छाट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दिवसभर मान मोडून वळलेल्या बिड्या घेऊन आई वखारीत जायची. तपासणारा मूठभर उचलायचा, दाबून बघायचा, आणि ‘ही बारीक, ही ढिली’ म्हणत बाजूला टाकायचा. तेवढी मजुरी कापली. छाटलेल्या बिड्या परतही मिळत नाहीत, ही तक्रार तर घरोघरची होती.

आता लोक त्यालाच ‘गुणवत्ता नियंत्रण’ म्हणतात. बचत गटांच्या प्रशिक्षणात हा शब्द आला की बाया वहीत लिहून घेतात आणि वही मिटून ठेवतात. पण ती गोष्ट आपल्या घरातली आहे. माल कसा असावा हे कोण ठरवतं, तपासतं कोण, आणि माल नापास झाला तर नुकसान कुणाच्या पदरात पडतं, एवढेच तीन प्रश्न त्यात आहेत. बिडीत तिन्हींचं उत्तर मालकाच्या बाजूचं होतं. म्हणून तर १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याखालच्या राज्याच्या नियमांत लिहिलं गेलं की सर्वसाधारणपणे शंभरात पाचपेक्षा जास्त बिड्या छाट म्हणून काढता येणार नाहीत. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये तिथे हे नियम टिकले. आमच्या किती आयांना हे तेव्हा कळलं असेल, देव जाणे.

हे आज काढण्याचं कारण, आमच्या गटावर आलेली छाट. दोन वर्षांपूर्वी आम्हाला एका खाजगी शाळेच्या शर्टांची ऑर्डर मिळाली. नग २४०. आजवर पापड, लोणची आणि घरगुती शिलाई केलेल्या आम्हा बायांना आभाळ ठेंगणं झालं. माल दिला, आणि आठ दिवसांत ५२ शर्ट परत आले. कॉलरखाली चुण्या, बाहीच्या जोडावर चुण्या. सगळे दुरुस्त होईपर्यंत बाकीच्या शर्टांचे पैसेही अडले. ऐन रोवणीचे दिवस. बांधीत गेलं की संध्याकाळी रोख मजुरी मिळते, आणि आम्ही घरात बसून टाके उसवतोय, तेही फुकट! दोघी जणी तेव्हा गट सोडून गेल्या, त्या अजून आल्या नाहीत.

बैठकीत सगळा राग दोन बायांवर निघाला, कारण ते शर्ट त्यांच्या मशीनवरचे होते. त्यातली एक शांतपणे म्हणाली, “माझा टाका चुकला नाही. माप चुकलं. टेप आणा.” कटिंगला दोन टेप वापरले होते. दोन्ही लोखंडी पट्टीशेजारी धरले. नवा बरोबर होता. जुना प्लास्टिकचा टेप वापरून वापरून ताणला गेला होता, आणि पट्टीवरच्या ३६ इंचांना तो पाऊण इंच कमी दाखवत होता. म्हणजे त्या टेपनं कापलेलं प्रत्येक अंग थोडं मोठं. कॉलर आणि बाह्या कापल्या होत्या नव्या टेपनं. मोठ्या गळ्याला लहान कॉलर बसवायची तर कापड ओढूनताणून घ्यावंच लागतं, मग चुण्या पडणार नाहीत तर काय!

आणि खरी लागणारी गोष्ट पुढेच आहे. त्या दोघींना हे चौथ्या-पाचव्या शर्टालाच जाणवलं होतं. मग बोलल्या का नाहीत? नगावर मजुरी. थांबलं की पैसे बुडतात. शिवाय कटिंग करणारी बाई वयानं मोठी, तिला कोण सांगणार? आमच्या मते दोष त्यांचा नव्हता, आम्ही लावलेल्या पद्धतीचा होता. जिला चूक सगळ्यात आधी दिसते, तिलाच गप्प बसण्यात फायदा वाटेल अशी ती पद्धत होती.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या माणसानं १९२४ साली एक यंत्रमाग तयार केला. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा. आंधळगावच्या कोसा विणणाऱ्यांना यातलं मर्म लगेच कळेल, कारण तुटलेल्या धाग्यावर विणत गेलं की पुढचं सगळं कापड वाया. त्याच घराण्यानं पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि तिथे कामगाराच्या डोक्यावर दोरी लावली. काही चुकलं दिसलं की कामगारानं दोरी ओढायची, गरज पडली तर सगळी ओळ थांबते. तपासणी शेवटच्या टेबलावर ठेवली की तिथे नुसती छाट निघते. काम करणारीच्या हातात ठेवली की पाचव्या नगाला चूक पकडता येते.

अशी फसगत मोठ्या सरकारी कामातही होते. २०२४-२५ या वर्षी राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. कापडाची खरेदी एका ठिकाणाहून झाली आणि शिलाईचं काम माविममार्फत गावोगावच्या बचत गटांना मिळालं. पहिली ते आठवीची लाखो मुलं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, पण अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन आला तरी गणवेश पोचले नव्हते. जे पोचले त्यांत कुणाला आखूड, कुणाला ढगळ अशा तक्रारी. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं की पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचं. त्या काळात चौकाचौकात ऐकू यायचं, ‘बचत गटाच्या बायांना शिवता येत नाही.’ आम्हाला ते फार लागलं. मूल डोळ्यापुढे नसताना, माप दुसरीकडे ठरलेलं असताना, एवढ्या थोड्या दिवसांत चांगला शिंपी तरी काय करणार? पण हेही खरं, की काम घेताना किती हात आहेत, किती मशीन चालू आहेत आणि वीज किती तास असते, हा हिशेब पुष्कळ गट करत नाहीत. आम्हीही केला नव्हता. काम हातचं जाईल या भीतीनं आपण आधी ‘हो’ म्हणतो.

हातांचा हिशेब आपल्याकडे निराळाच असतो. यादीत वीस बाया असल्या तरी मे महिन्यात सकाळी तेंदूपत्त्याला जाणाऱ्या वजा करा, जुलै-ऑगस्टला रोवणीच्या, दिवाळीच्या आगेमागे धान कापणीच्या. गडेगावच्या, वरठीच्या मोठ्या कारखान्यांत हजेरीचा पट असतो, आपल्याकडे शेत बोलावतं तसं जावं लागतं, आणि गेलंही पाहिजे. म्हणून आता आम्ही ऑर्डर घेताना तारीख आधी बघतो. शाळेचं काम असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कापड द्या म्हणतो. नाही देत म्हणाले तर नग कमी घेतो. गेल्या साली एक ऑर्डर अशी सोडली, तेव्हा गटात भांडण झालं. ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

बाकी बदल छोटे आहेत. आधी एक शर्ट शिवायचा, घेणाऱ्याला दाखवायचा, त्याची सही असलेली चिठ्ठी त्याच शर्टाला टाचायची. तो नमुना कपाटात राहतो. फोनवरचं ‘नेहमीसारखं शिवा’ आता चालत नाही. टेप दर महिन्याला पट्टीशी लावून बघतो. प्रत्येक गठ्ठ्याला कापणारीचं आणि शिवणारीचं नाव असतं. सुरुवातीला बायांना वाटलं, हे दंडासाठी आहे, म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव लिहिला: चिठ्ठी कारण शोधायला, मजुरी कापायला नाही.

वाद झाला तो पैशांवर. पहिले पाच नग झाले की थांबून तपासायचं, आणि तपासणारीला त्या वेळेची मजुरी द्यायची. जिनं चूक दाखवून काम थांबवलं तिलाही थांबलेल्या वेळेचे पैसे. हे कुठून आणायचे? आम्ही ते भावातच धरतो. समजा एका शर्टाची शिलाई ६० रुपये पडते, तर त्यावर तपासणी आणि उसवण्याचे ५ रुपये आधीच लावून ६५ सांगतो. घेणारा कुरकुरतो. त्याला आम्ही परत आलेल्या ५२ शर्टांची गोष्ट सांगतो.

आणि ती टेप मागणारी बाई? आता कटिंगच्या टेबलाची किल्ली तिच्याकडे असते. जुना टेप तिनं फेकू दिला नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलाय, लोखंडी पट्टीच्या शेजारी. नवीन कुणी काम शिकायला आली की ती आधी दोन्ही तिच्या हातात देते आणि म्हणते, “मोज.”